रोजच्या तीन वाट्या

उर्वशी सहा महिन्यांची झाली तेव्हा तिचे वजन सहा किलो दोनशे ग्रॅम होते. नेरजवळच्या आजोळी तिला मोडाच्या पिठाची लापशी सुरू झाली. ती रोज तीन वाट्या खाई, आणि आठ महिने पुरे झाले त्या दिवशी ती बरोबर सात किलो भरली. त्यानंतर आई तिला घेऊन राळेगावला आली. तिथेही पहिले दोन महिने धान्य आजोळचेच होते, वाटी तीच होती, लापशी रोज तीनच वाट्या होती आणि एकाही वाटीत घास उरत नव्हता. अकरा महिने पुरे झाले त्या दिवशी ती सहा किलो नऊशे पन्नास ग्रॅम भरली.

हे आकडे तिच्या वडिलांनी, प्रफुल्ल खोब्रागडे याने, स्वतः टिपले होते. तो राळेगावच्या एका हायस्कुलात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवीत असे आणि दुसऱ्याने घेतलेल्या मापावर त्याचा सहसा विश्वास बसत नसे. अंगणवाडीच्या आढ्याला टांगलेल्या झोळीच्या काट्यावरही पहिल्या दिवशी त्याचा विश्वास बसला नव्हता. शाळेच्या प्रयोगशाळेतून त्याने एकेक किलोची दोन वजने पिशवीत घालून नेली, झोळीत ठेवली, काटा दोनवर स्थिरावलेला पाहिला आणि मगच मुलीला झोळीत बसवू दिले. अंगणवाडी चालवणाऱ्या मैनाबाई हा प्रकार हाताची घडी घालून पाहत होत्या.

"पास झाला का काटा, सर?" त्यांनी विचारले. "नाही तं त्याले बी पुन्हा परीक्षेले बसवा."

काटा पास झाला होता. पुढच्या तीन महिन्यांत वाढली नाही ती मुलगी.

गोष्ट २००८ सालची आहे. उर्वशीचा जन्म आदल्या नोव्हेंबरात तिच्या आईच्या, वैष्णवीच्या, माहेरी झाला होता. बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले, त्यामुळे मुक्काम वाढला. पुढे उन्हाळा लागला आणि राळेगावच्या नळाला दहा-दहा दिवसांनी पाणी येऊ लागले, त्यामुळे तो आणखी वाढला. प्रफुल्ल महिन्यातून दोन रविवार एसटीने सासुरवाडीला जाई, मुलीला मांडीवर घेई आणि संध्याकाळच्या गाडीने परत येई. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो दोघींना आणायला गेला. तिथे, निघायच्या दिवशी, गव्हाची कोठी उघडायला सासूबाई तानाबाई आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांच्यामागे तोही गेला. कोठीच्या वर, भिंतीतल्या खुंटीला, फवारणीचा पंप टांगलेला होता. पंपाच्या नळीला पिवळसर डाग होते. खाली कोपऱ्यात औषधाच्या दोन अर्धवट बाटल्या होत्या.

त्या वर्षांत हे दृश्य जिल्ह्यातल्या कोणत्याही घरी दिसले असते. कापसाने लागोपाठ दगा दिला होता. जे हाती लागेल ते वाचवावे म्हणून लोक दोनऐवजी पाच वेळा फवारत होते, आणि फवारणीने भोवळ आलेले लोक ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात चादरी टाकून पडलेले असत. राळेगावात कोणालाही काहीही झाले तरी पहिला संशय औषधावरच जाई. गाय आटली, तरी औषध. केस गळले, तरी औषध. प्रफुल्लला एरवी अशा सरसकट निदानाची चीड होती. पण खुंटीवरचा पंप आणि त्याखालची कोठी यांच्यामध्ये हातभराचे अंतर होते, आणि ते त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

तानाबाईंनी लापशीसाठी दिलेले गहू-मुगाचे पोते नाकारणे म्हणजे त्यांचा अपमान करणे, हे वैष्णवीने निघण्यापूर्वीच त्याला समजावले. पोते घरी आले. त्यावर प्रफुल्लने उपाय काढला. पीठ वैष्णवीने करायचे नाही, तो करणार. धान्य तीन पाण्यांनी धुवायचे, भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, उन्हात वाळवायचे. इथपर्यंत तानाबाईंचीच पद्धत. त्यापुढे मात्र लोखंडी तव्यावर ते खरपूस भाजायचे. ही औषधे उष्णतेने बरीचशी विघटित होतात, बुरशी आणि जंतू तर मरतातच, हे त्याला ठाऊक होते. ठाऊक होते ते बरोबरही होते.

रविवारी सकाळी तो स्वतः तव्यापुढे बसे. दाणे आधी पिवळट, मग बदामी, मग तांबूस होत. तांबूस झाल्याशिवाय तो उलथणे खाली ठेवीत नसे. सगळ्या आळीत खमंग वास सुटे आणि शेजारणी वैष्णवीला विचारत की साहेब बाळासाठी चिवडा करून राह्यले का. वैष्णवीने पहिल्या रविवारी एवढेच सांगून पाहिले की आई एवढे भाजत नाही, नुसती ऊब दाखवते. त्यावर प्रफुल्लने तिला उष्णता आणि रेणूंचे बंध यांविषयी सविस्तर सांगितले. तास सुरू झाला की मध्ये बोलायचे नसते, हे ती लग्नानंतरच्या दोन वर्षांत शिकली होती. तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

भाजलेले दाणे तो चक्कीवर न देता घरच्या मिक्सरमध्ये दळी, कारण चक्कीत आधी कोणाचे काय दळले आहे ते कळत नाही. ओट्यावरच्या भिंतीला त्याने कागद चिकटवला: चार चमचे पीठ, एक वाटी पाणी, मंद आच, सतत ढवळणे, दिवसातून तीन वेळा. चमचा पोहे खायचा. सपाट, शीग न लावता. एका चमच्यात आठ ग्रॅम मावतात हे त्याने शाळेच्या तराजूवर पाहून ठेवले होते. पीठ त्याचे, रांधणे वैष्णवीचे. तो सकाळी साडेदहाला शाळेत जाई आणि साडेपाचला येई. आल्यावर वहीत लिहिण्यासाठी विचारी, किती वाट्या झाल्या? वैष्णवी सांगे, तीन. आईचे दूध? पूर्वीइतकेच, सकाळ-संध्याकाळ-रात्री. तो लिहून घेई.

पहिल्या महिन्यात वजन शंभर ग्रॅमने वाढले. प्रवास, नवे घर, नवे पाणी, असे म्हणून त्याने ते सोडून दिले. दुसऱ्या महिन्यात काहीच वाढले नाही. तेव्हा मात्र तो कामाला लागला. पाणी वीस मिनिटे उकळून घ्यायला सुरुवात झाली, आणि न उकळलेल्या पाण्याचा नमुना यवतमाळला तपासायला गेला. अहवालात दोष निघाला नाही. शौचाची तपासणी झाली, जंत नव्हते. ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांनी हातावर क्षयाची चाचणी केली. तीही कोरी आली. एका शेजारणीने मुलीच्या गालावर काजळाचा ठिपका लावून दिला आणि कमरेला काळा दोरा सुचवला. ठिपका प्रफुल्लने ओल्या फडक्याने पुसला. दोऱ्याचे वजन वजा करावे लागेल, एवढे बोलून तो विषय संपवला.

मग त्याने धान्य बदलले. सासुरवाडीचे पोते बाजूला ठेवून बाजारातून गहू-मूग आणले, तेही तसेच धुतले, तसेच भाजले, कारण बाजारातल्या धान्यावर तरी काय शिंपडले असेल ते कोणी पाहिले आहे. वैष्णवीला त्याने सांगितले की कारण सापडेपर्यंत माहेराहून खाण्याचे काहीही यायला नको.  जुलैनंतर ती माहेरी गेली नव्हती आणि आता जाण्याची भाषाही करीनाशी झाली.

धान्य बदलूनही तिसऱ्या महिन्यात वजन दीडशे ग्रॅमने उतरले. आता उरला तो वारा. घराच्या मागच्या भिंतीपलीकडे रामधन नावाच्या शेतकऱ्याचा कापूस होता आणि तो आठवड्याआड फवारत असे. प्रफुल्लने त्याला भेटून विनंती केली की फवारायच्या आदल्या दिवशी कळवत जा. रामधन सज्जन माणूस. तो न चुकता कुंपणावरून हाक मारी.

"सर, उद्या फवारा मारून राह्यलो. पोरीले घेऊन सासुरवाडीले जा दोन दिवस, हवापालट होईन."

जगात जायला नको असलेले नेमके तेच एक ठिकाण होते. प्रफुल्ल खिडक्या लावून घेई, फटींना ओली फडकी लावी आणि मुलीला घेऊन पुढच्या खोलीत बसे.

ज्या घरात कोठीवर पंप टांगलेला होता त्याच घरात मुलगी दोन महिन्यांत आठशे ग्रॅम वाढली होती, ही अडचण त्याच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. विष शरीरात हळूहळू साठते आणि परिणाम उशिरा दिसतो, असे स्पष्टीकरण त्याने स्वतःला दिले होते. ते सोयीचे होते. एखादे स्पष्टीकरण सोयीचे निघाले की त्याकडे अधिक संशयाने पाहावे, असे तो विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत असे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उर्वशीच्या पायातले चांदीचे वाळे एका दुपारी आपोआप निसटून पडले. जुलैत ते काढायला साबण लावावा लागत असे. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिच्या वजनाच्या कार्डावरच्या ठिपक्यांवरून पेन फिरवले. रेघ जुलैपर्यंत चढत होती, तिथून आडवी झाली होती आणि आता हिरव्या पट्ट्याची खालची कड ओलांडायच्या बेतात होती. एक नोव्हेंबरला पुन्हा वजन करू, ते म्हणाले. तोवर सव्वासात भरली नाही तर यवतमाळला दाखल करावे लागेल. रक्त, पोटाची सोनोग्राफी, गरज पडल्यास पुढे नागपूर. त्यांनी हे नेहमीच्या आवाजात सांगितले. प्रफुल्लनेही नेहमीच्या आवाजात तारीख पुन्हा विचारून घेतली. 

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तानाबाई आल्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्या गावच्या बायांसोबत नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या होत्या. परतताना वर्ध्याला गाडी बदलून एकट्याच राळेगावला उतरल्या. अंगावर पांढरे लुगडे, काखेत पिशवी, पिशवीत गर्दीतून घेतलेली दोन पुस्तके, बुद्धाची तसबीर आणि झाकणाला फडके बांधलेला पत्र्याचा डबा. पाय न धुताच त्यांनी नातीला उचलले, एकदा खाली-वर केले आणि म्हणाल्या, "हे तं हलकी झाली."

प्रफुल्लने त्यांना कार्ड दाखवले. त्यांनी ते हातात घेतले, पण पाहिले नाही. त्या मुलीच्या दंडाकडे पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. बारा वाजता तो घरी आला तेव्हा तानाबाई नातीला मांडीवर घेऊन वाटीतली शेवटची लापशी चमच्याने खरवडत होत्या. ओट्यावर फडके सोडलेला डबा होता. प्रफुल्लने डब्यात पाहिले. पीठ फिकट पांढरट होते. त्याचे पीठ तांबूस असे.

"हे कोणतं पीठ?" त्याने विचारले. तो शाळेतली भाषा घरीही बोलत असे, आणि या वेळी तर आवाजही परीक्षेच्या पर्यवेक्षकाचा होता.

"आमच्या घरचं हाय. म्या केलं," तानाबाई म्हणाल्या. "पुरी वाटी खाल्ली पोरीनं."

त्याला जे बोलायचे होते ते सासूशी बोलण्यासारखे नव्हते. तेव्हा त्याने वहीत नोंद करण्यापुरता प्रश्न विचारला, किती चमचे टाकले?

"चार. तुमच्या कागदावर लिवलं हाय न तितकेच."

दाराशी कपड्यांच्या घड्या घालत बसलेली वैष्णवी थांबली. "आई, चार कशे टाकले? चारची तं थापी होते, घट्ट गोळा."

प्रफुल्लने पातेल्यात पाहिले. तळाशी थोडी लापशी उरली होती. त्याने पातेले कलते केले. ती एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरळ वाहत गेली. रोज वाटीत दिसे तशीच ती होती, पातळ, मऊ, चमच्यातून धारेने पडणारी. त्याने कागदाकडे पाहिले, मग बायकोकडे.

"तू किती टाकतेस?"

"दीड."

"कधीपासून?"

"आली तवापासून. पहिल्या दिवशी चार टाकले. चमचा उभा राह्यला त्याच्यात. पोरीले ठसका लागला, सारं थुकलं तिनं. मंग मी पाणी टाकत गेली, आईच्या घरी होती तशी पातळ होयेपर्यंत."

"मला का नाही सांगितलंस?"

वैष्णवीने हातातली घडी पुरी केली. "तुमी वाट्या इचारत होते. मी वाट्याच सांगत होती."

 तानाबाईंनी नातीचे तोंड पदराने पुसले. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "एवढे शिकले तुमी, जवाईबापू. तीन मयने पोरीले पाणी पाजलं का मंग?"

प्रफुल्लने मनात गुणाकार केला. दीड चमचा म्हणजे बारा ग्रॅम. तीन वाट्या, छत्तीस. चार चमचे म्हणजे बत्तीस; तीन वाट्या, शहाण्णव. साठ ग्रॅमचा फरक, म्हणजे दिवसाला सुमारे दोनशे दहा उष्मांक. तेवढ्यावर या वयाचे मूल वाढते. तेवढे काढून घेतले तर ते जगते, वाढत नाही. तीन महिने तो रोज संध्याकाळी एक संख्या लिहून घेत होता आणि ती खरी होती. त्या संख्येने फक्त पोटाचे आकारमान मोजले जात होते.

पण यात एका प्रश्नाचेच उत्तर मिळाले होते. चार चमच्यांची लापशी सासूबाईंच्या हातून पातळ होते आणि वैष्णवीच्या हातून थापी होते, याचे कारण अजून उरले होते. हातात काही जादू असते यावर त्याचा विश्वास नव्हता. त्याने तानाबाईंना पिठाची कृती पहिल्यापासून सांगायला लावली. त्यांना वाटले की जावई उलटतपासणी घेतो आहे, आणि त्या तशाच तुटकपणे सांगत गेल्या. एक रात्र भिजवायचे. दोन रात्री फडक्यात. दोन दिवस ऊन. मग हातावर चोळून मोडाचे तूस काढायचे. मग तव्यावर ऊब.

"किती ऊब?"

"दाना मुठीत धरला तं हाताले चटका नाही बसला पायजे. बसला की पीठ मरते."

"मरते म्हणजे काय होतं?"

"मरते म्हणजे मरते. घट्ट येते लापशी. मंग कितीबी शिजवा."

अशी वाक्ये प्रफुल्लने आयुष्यभर ऐकली होती. दही रुसते, पापडाला नजर लागते, पीठ मरते. त्याने ती सगळी काळ्या दोऱ्याच्या शेजारच्या कप्प्यात ठेवून दिली होती. आता त्याच्या लक्षात आले की यातले शेवटचे वाक्य इतरांपेक्षा वेगळे आहे. त्यात एक अट होती आणि त्या अटीचा एक परिणाम सांगितलेला होता. असे वाक्य खरे की खोटे ते सकाळच्या दोन तासांत ठरवता येते.

रविवारी तव्यापुढे बसायच्या वेळी तो स्टोव्हपुढे बसला. दोन सारखी पातेली, प्रत्येकात एकेक वाटी पाणी, प्रत्येकात चार सपाट चमचे पीठ. एकात त्याचे, एकात तानाबाईंचे. दोन्ही एकाच आचेवर, एकामागून एक, सारखाच वेळ ढवळून. त्याचे पीठ पाचव्या मिनिटाला पातेल्याच्या कडा सोडून चमच्याभोवती गोळा झाले. चमचा सोडला तर उभा राहिला. तानाबाईंचे आधी जरा दाटले आणि मग, आचेवर असतानाच, पुन्हा सैल होऊन वाहू लागले.

यानंतर त्याने स्वतःच्या गोळ्यातला चमचाभर बाजूला काढला आणि उरलेल्यावर वाटी उलटी झाकून ठेवली. बोट क्षणभर ठेवता येईल इतका तो निवला तेव्हा त्यात तानाबाईंच्या डब्यातले एक चमचा पीठ घातले आणि ढवळले. तानाबाई हे पाहत ओट्याला टेकून उभ्या होत्या. इतक्या पिठाची नासाडी त्यांना पाहवत नव्हती आणि तसे त्यांनी दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडले आणि त्या थांबल्या. गोळा सुटत होता. आधी कडेने चकाकला, मग मधून खचला, आणि आठव्या मिनिटाला तीच लापशी चमच्यातून धारेने पडू लागली. वर पाण्याचा थेंबही घातला नव्हता. घातले होते ते आणखी पीठ.

"पीठ टाकून पातळ झाली?" वैष्णवीने विचारले.

"झाली," प्रफुल्ल म्हणाला. तीन महिन्यांत त्याने तिला दिलेले हे सर्वांत छोटे उत्तर होते.

शेवटचा प्रयोग उरला होता, आणि तो त्याला करायचा नव्हता, म्हणून त्याने तो केला. तानाबाईंच्या डब्यातले चार चमचे पीठ त्याने आपल्या लोखंडी तव्यावर घेतले आणि आपल्या पद्धतीने, तांबूस होईपर्यंत भाजले. नेहमीचा खमंग वास सुटला. त्या पिठाची लापशी केली. चमचा उभा राहिला.

तेच धान्य, त्याच हाताचे मोड, तेच दळण. बदलला होता फक्त तवा.

सोमवारी त्याने तिन्ही लापशांचे नमुने झाकणाच्या बाटल्यांतून शाळेत नेले आणि मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेचे दार लावून घेतले. प्रत्येक नमुना पाण्यात विरळ करून त्यात आयोडीनचे दोन-दोन थेंब टाकले. त्याचे पीठ काळेनिळे झाले. तानाबाईंचे भाजलेले पीठही काळेनिळे. तानाबाईंचे न भाजलेले पीठ तांबडट जांभळे होऊन थांबले. लाळेतले विकर पिष्टाचे तुकडे करते आणि मग आयोडीनचा निळा रंग येत नाही, हा धडा तो दहावीला दरवर्षी परीक्षानळीसह दाखवत असे. मोड येणाऱ्या दाण्यातही तेच विकर तयार होते, हे त्याच धड्याखालच्या टिपेत छापलेले होते. ती टीप परीक्षेला येत नाही, म्हणून तो मुलांना ती वगळायला सांगे.

संध्याकाळी घरी येऊन त्याने डब्यात उरलेले स्वतःचे पीठ वैष्णवीला दिले आणि भाकरीच्या पिठात मिसळून संपवायला सांगितले. पुढचे पीठ तिने करावे. मग तो तानाबाईंशी पंपाविषयी बोलला. लापशीचा दोष पंपाकडे जात नव्हता हे आता सिद्ध झाले होते; तरीही औषध आणि धान्य एका खोलीत असू नये, हे वेगळे विधान आहे आणि ते अजूनही खरे आहे, असे त्याने शक्य तितक्या आदराने सांगितले.

"पंप जुलैतच गोठ्यात नेला," तानाबाई म्हणाल्या. "तुमी त्याच्याकडं पाहून राह्यले होते तवाच मले समजलं. बोलले असते तं त्याच दिवशी नेला असता."

मंगळवारी सकाळी यवतमाळच्या गाडीत त्यांना बसवून देताना प्रफुल्लने त्यांची पिशवी हातात घेतली होती. दिवाळीत तिघेही नेरला येऊ, असे त्याने खिडकीतून सांगितले. त्यांनी मान हलवली आणि कंडक्टरकडे सुटे पैसे पुढे केले.

एक नोव्हेंबरला उर्वशी सात किलो तीनशे ग्रॅम भरली. मैनाबाईंनी काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचला आणि शाळेची वजने आणली का म्हणून विचारले. त्याने आणली नव्हती. रुग्णालयात डॉक्टरांनी नवा ठिपका दिला, मागच्या ठिपक्यापासून वर रेघ ओढली आणि आधीच लिहून ठेवलेली यवतमाळची चिठ्ठी फाडून टाकली. कोणते औषध बदलले, त्यांनी विचारले. औषध नव्हते, असे कळल्यावर त्यांनी पेन पुढे केले. कार्डाच्या मागे कारण लिहून द्या म्हणाले, पुढच्या आयांना सांगायला उपयोगी पडेल. प्रफुल्लने बाकावर बसून लिहिले. खाडाखोड झाली नाही.

मोड आलेल्या गहू-मुगात पिष्ट पातळ करणारे विकर असते. त्यामुळे अशा पिठाचे चार चमचे एका वाटीत घालूनही लापशी बाळाला गिळता येण्याइतकी पातळ राहते. दाणे तांबूस भाजल्याने ते विकर नष्ट झाले. लापशी घट्ट येऊ लागली, म्हणून तीत पाणी वाढवून पीठ दीड चमच्यावर आणले गेले. वाट्या तीनच राहिल्या. पीठ रोज शहाण्णव ग्रॅमऐवजी छत्तीस ग्रॅम पोटात गेले. वजन थांबण्याचे कारण एवढेच. दाणे मुलीच्या वडिलांनी भाजले होते.